लाल समुद्रातलं युद्ध आणि पनवेलचा ट्रेलर: युद्ध, सुरक्षा आणि शांततेचं अर्थकारण सोप्या भाषेत

पळस्पे फाट्यावर रात्री दहा-अकराच्या सुमाराला उभं राहून बघा. एकामागून एक ट्रेलर जातात. कुणावर निळा कंटेनर, कुणावर लाल, कुणावर पांढरा. पांढरा असेल तर बहुतेक त्यात थंड ठेवलेला माल असतो: द्राक्षं, मासळी, औषधं. हे सगळे चाललेले असतात न्हावा-शेवाकडे, नाहीतर तिकडूनच येत असतात. ट्रॅफिकमध्ये अडकलेला पनवेलकर त्यांच्या नावानं बोटं मोडतो आणि घरी जातो.

पण याच रस्त्यावर जगातल्या युद्धांचा हिशेब रोज मांडला जातो. येमेनमधून ड्रोन उडतो, लंडनमध्ये विम्याचा दर बदलतो, नाशिकचा द्राक्ष बागायतदार डोक्याला हात लावतो आणि पनवेलजवळच्या यार्डात ड्रायव्हरची एक फेरी बुडते. युद्ध आपल्यापासून हजारो किलोमीटर लांब असतं, त्याचं बिल मात्र इथंच फाटतं.

ते कसं, आणि त्यात कमावतो कोण, गमावतो कोण? एकेक करून बघू.

आधी जागा समजून घेऊ

न्हावा-शेवा म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड. २६ मे १९८९ पासून ते सुरू आहे. जुनी माणसं आजही जेएनपीटी म्हणतात, आता कागदोपत्री नाव जेएनपीए. २०२३-२४ या वर्षात इथून साधारण ६४ लाख कंटेनर हलले, तर २०२४-२५ मध्ये ७३ लाख. (ही मोजणी वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात असते. चाळीस फुटी एक कंटेनर म्हणजे दोन.) देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी हे एक.

बंदर उरणात असलं तरी त्याचं अंगण पनवेलमध्ये आहे. पुण्याकडचा रस्ता, गोव्याकडचा रस्ता आणि बंदराचा रस्ता इथंच एकमेकांना भेटतात. कळंबोलीचं स्टील मार्केट, तळोज्याची एमआयडीसी, पळस्पे ते जासई पट्ट्यातली गोदामं आणि कंटेनर यार्डं, गॅरेज, टायरची दुकानं, ढाबे, क्लिअरिंग एजंटांची ऑफिसं ही सगळी साखळी बंदरावर जगते. बंदराला शिंक आली की इथं सर्दी होते.

राजकीय अर्थशास्त्र म्हणजे नेमकं काय?

शब्द जड आहे, पण प्रश्न सोपे आहेत. एखाद्या निर्णयाचे पैसे कोण भरतं? त्यातून पैसे कोण कमावतं? आणि निर्णय घेण्याची ताकद कुणाकडे असते?

युद्धाकडे आपण सहसा शौर्य, शस्त्रं आणि सीमा एवढ्याच नजरेतून बघतो. राजकीय अर्थशास्त्र त्याच युद्धाची खतावणी उघडतं. मग दिसतं की युद्ध जसा एक खर्च आहे तसा तो एक धंदाही आहे. सुरक्षा ही सेवा आहे आणि तिचं बिल कुणीतरी भरतं. आणि शांतता फुकट मिळत नसली तरी तिच्याइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

१९ नोव्हेंबर २०२३: जहाज पळवलं गेलं

गाझातलं युद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटलं. त्यानंतर येमेनमधल्या हुथी गटानं लाल समुद्रातल्या जहाजांना लक्ष्य करायला सुरुवात केली. १९ नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी 'गॅलेक्सी लीडर' नावाचं जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. हे जहाज तुर्कस्तानातून निघालं होतं आणि येत होतं गुजरातमधल्या पिपावाव बंदरात. त्यावरच्या खलाशांची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडला.

डिसेंबर २०२३ मध्ये मर्स्क, एमएससी, हॅपाग-लॉइड, सीएमए सीजीएम या मोठ्या कंपन्यांनी लाल समुद्राचा रस्ता सोडला. हा रस्ता पुढे सुवेझ कालव्यातून युरोपला जातो. जगाच्या एकूण व्यापारातला साधारण १२ ते १५ टक्के आणि कंटेनर वाहतुकीतला ३० टक्क्यांच्या आसपास माल या वाटेनं जायचा. आता जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, दक्षिण टोकाच्या केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला.

पुण्याला जायला एक्स्प्रेस-वे बंद झाला म्हणून माळशेज घाटातून जावं लागलं तर जे होईल तेच, फक्त समुद्रावर आणि जगभर.

भाडं इतकं का वाढलं?

डिझेल जास्त लागलं म्हणून भाडं वाढलं, असं वाटणं साहजिक आहे. पण डिझेलनं सगळा हिशेब लागत नाही. खरी मेख वेगळी आहे.

समजा एका कंपनीचं जहाज दर आठवड्याला न्हावा-शेवाहून युरोपला सुटतं. जाऊन-येऊन दहा आठवडे लागतात. म्हणजे दर आठवड्याला एक जहाज सोडायचं तर कंपनीला दहा जहाजं लागतात. आता फेरी दोन-तीन आठवड्यांनी लांबली. तेवढीच सेवा द्यायला बारा-तेरा जहाजं लागणार. माल वाढलेला नाही, बंदरं वाढलेली नाहीत, पण जहाजं कमी पडायला लागली.

तीच गत रिकाम्या कंटेनरची. युरोपला गेलेला कंटेनर परत यायला उशीर लागतो, मग इकडे माल भरायला कंटेनर मिळत नाही. मागणी तीच आणि पुरवठा कमी, म्हणजे भाव चढणारच. शांघाय ते रॉटरडॅम या मार्गावर चाळीस फुटी कंटेनरचं भाडं नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी साधारण १,२०० डॉलर होतं. जानेवारी २०२४ च्या शेवटी ते ४,९०० डॉलरच्या पुढे गेलं. दोन महिन्यांत चौपट.

लंडनमधल्या टेबलावर ठरणारी किंमत

जहाजाचा नेहमीचा विमा युद्धातलं नुकसान भरून देत नाही. त्यासाठी वेगळा 'वॉर रिस्क' विमा घ्यावा लागतो. कुठला समुद्र धोक्याचा, याची यादी लंडनच्या विमा बाजारातली एक समिती काढते. यादीत नाव आलं की त्या पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक फेरीसाठी जादा हप्ता पडतो.

लाल समुद्रासाठी हा दर हल्ल्यांच्या आधी नगण्य होता. २०२४ च्या सुरुवातीला तो जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत पोचला.

हिशेब करून बघू. जहाजाची किंमत ८०० कोटी रुपये धरा. दर ०.०५ टक्के असेल तर एका फेरीचा हप्ता ४० लाख. दर १ टक्का झाला की तोच हप्ता ८ कोटी. जहाजावर दहा हजार कंटेनर असतील तर प्रत्येक कंटेनरमागे आधी ४०० रुपये पडत होते, आता ८,००० पडतात. एकही गोळी न लागता, जहाज सुखरूप पोचूनसुद्धा.

थोडक्यात, युद्धाची किंमत फक्त स्फोटानं ठरत नाही. स्फोट होईल या भीतीनंही ठरते. काही हजार डॉलरचा ड्रोन कोट्यवधींचा व्यापार वळवू शकतो, तो याच कारणामुळे.

मग गमावलं कुणी?

*द्राक्ष उत्पादक.* नाशिक भागातून युरोपला जाणारी द्राक्षं प्रामुख्यानं न्हावा-शेवातूनच जातात आणि हंगाम जानेवारी ते एप्रिल. नेमका याच वेळी २०२४ मध्ये रस्ता लांबला. द्राक्षाला थांबता येत नाही. जहाजावरचे जादा दिवस म्हणजे दुकानातले कमी दिवस. भाडं वाढलं की निर्यातदार ते शेतकऱ्याच्या भावातून कापायला बघतो, कारण युरोपातला सुपरमार्केटवाला भाव वाढवून देत नाही. साखळीत ज्याची घासाघीस करायची ताकद सगळ्यात कमी, त्याच्या खिशातून पैसे जातात.

*ट्रेलर ड्रायव्हर.* बऱ्याच ड्रायव्हरची कमाई फेऱ्यांवर असते. जहाज वेळेवर आलं नाही की यार्डात रांग लागते. पुढे तीन-चार जहाजं एकदमच आली की गेटवर रांग लागते. दोन्ही वेळेला गाडी उभी आणि फेरी बुडालेली. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर येतो.

*छोटा व्यापारी.* कंटेनर ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त अडकला तर डेमरेज आणि डिटेन्शन लागतं. मोठी कंपनी वर्षाचा करार करून दर बांधून घेते. महिन्याला दोन कंटेनर मागवणारा तळोज्यातला कारखानदार आजच्या भावानं पैसे देतो.

*खलाशी.* कोकणातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी जहाजावर आहे. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं. त्यावर २२ भारतीय होते. ६ मार्च २०२४ ला 'ट्रू कॉन्फिडन्स'वरच्या हल्ल्यात तीन खलाशी मेले. जहाजमालक आणि खलाशी संघटना यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा भागात जायला नकार देण्याचा हक्क खलाशाला आहे. गेलाच तर मूळ पगाराएवढा बोनस आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई. पण हा करार सगळ्याच जहाजांना लागू नाही. आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल की नाही या चिंतेत असलेला माणूस हक्क असूनही नाही म्हणताना दहादा विचार करतो.

*इजिप्त.* सुवेझ कालव्यातून इजिप्तला २०२३ मध्ये साधारण १०२५ कोटी डॉलर मिळाले होते. २०२४ मध्ये ते ४०० कोटींच्या आत आले. एका देशाच्या तिजोरीत वर्षभरात ६०० कोटी डॉलरपेक्षा मोठं भोक पडलं आणि इजिप्त या भांडणात पक्षकारही नव्हता.

आणि कमावलं कुणी?

ज्या कंपन्यांची जहाजं वळसा घालून जात होती, त्यांनी. मर्स्कचा व्याज आणि कर वजा जाण्याआधीचा नफा २०२३ मध्ये ३९० कोटी डॉलर होता, २०२४ मध्ये तो ६५० कोटी झाला. यात कट-कारस्थान शोधायची गरज नाही. मर्स्कनं युद्ध लावलं नाही, उलट तिच्याच जहाजांवर हल्ले झाले. पण टंचाईच्या काळात ज्याच्याकडे जहाज आहे तो कमावतो, हे बाजाराचं गणित आहे.

शस्त्रांचा बाजारही वाढला. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या आकडेवारीनुसार जगाचा लष्करी खर्च २०२४ मध्ये २,७१,८०० कोटी डॉलरवर गेला. आधीच्या वर्षापेक्षा ९.४ टक्के जास्त. खर्च करणाऱ्या देशांत भारत पाचवा होता.

पहारा द्यायचा कुणी आणि कुणाच्या पैशावर?

त्या काळात अरबी समुद्रात भारतीय नौदलानं मोठं काम केलं. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' या जहाजावर अपहरणाचा प्रयत्न झाला, तेव्हा आयएनएस चेन्नईवरच्या कमांडोंनी २१ जणांना बाहेर काढलं. त्यातले १५ भारतीय. मार्लिन लुआंडाची आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणम धावली. मार्चमध्ये 'रुएन' या जहाजावरचे ३५ सोमाली चाचे पकडून आयएनएस कोलकातानं मुंबईत आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले. या तिन्ही युद्धनौका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आहेत.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण खतावणी उघडली की एक प्रश्न पडतो. लीला नॉरफोकवर झेंडा होता लायबेरियाचा, मार्लिन लुआंडावर मार्शल बेटांचा. मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात, विमा तिसऱ्या देशात आणि खलाशी आपले. कर कमी भरावा लागतो, नियम सैल असतात, म्हणून जहाजं अशा देशांचे झेंडे लावतात. संकट आल्यावर मात्र लायबेरियाचं नौदल येत नाही. येतं ते आपलं, आपल्या करातून चालणारं.

अर्थशास्त्रात अशा सेवेला सार्वजनिक वस्तू म्हणतात. गल्लीतल्या दिव्यासारखी. वर्गणी दिली त्याच्यावरही उजेड पडतो, नाही दिली त्याच्यावरही. म्हणून प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं दिवा लावावा. समुद्राच्या सुरक्षेचं हेच भांडण मोठे देश वर्षानुवर्षं घालत आलेत.

आपल्यासाठी दिवा लावणं भाग आहे, कारण व्यापार आपला आहे आणि माणसंही आपली आहेत. भारताचं २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी रुपयांचं आहे. त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनवर जातात आणि नवीन जहाजं, विमानं, शस्त्रं यासाठीची भांडवली तरतूद १.८० लाख कोटी. सुरक्षेवर खर्च किती हा जसा प्रश्न आहे, तसाच त्यातला कुठे किती हाही आहे.

रायगडला याची वेगळी आठवण आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतलं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. तेव्हा किनाऱ्यावर यंत्रणा नव्हती असं नाही. यंत्रणेतली काही माणसं विकली गेली होती. पहाऱ्यावर कितीही पैसे खर्च करा, पहारेकरी विकत मिळत असेल तर ते पाण्यात जातात.

खारकेचे ३९ कंटेनर

युद्ध गोळीनंच होतं असं नाही. ते कस्टमच्या टेबलावरही होतं.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाचा हल्ला झाला. त्यानंतर दोनच दिवसांत भारतानं पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के ड्युटी लावली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २ मे २०२५ ला तिथून येणारा सगळाच माल बंद केला, मग तो थेट येवो की दुसऱ्या देशातून फिरून येवो.

आता खारीक घ्या. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातली, ओटीतली खारीक. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात खैरपूर भागात ती भरपूर पिकते आणि भारत तिचं मोठं गिऱ्हाईक होता. २०० टक्के ड्युटी म्हणजे १०० रुपयांचा माल इथं ३०० ला पडणार. दुबईचा शिक्का मारून आणला तर तोच माल कितीतरी स्वस्तात पडतो. मधला फरक हा बेकायदा धंद्याचा नफा. बंदी जितकी कडक, तितका तो नफा मोठा आणि तितका मोह जास्त.

जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं, म्हणजे डीआरआयनं, 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट'मध्ये न्हावा-शेवाला ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, किंमत साधारण ९ कोटी. कागदावर माल संयुक्त अरब अमिरातीचा. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार तो मुळात पाकिस्तानचा होता आणि दुबईत कंटेनर बदलून इकडे आणला होता.

त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये याच बंदरात 'सीएमए सीजीएम अटिला' हे चीनहून कराचीला जाणारं जहाज अडवलं गेलं. त्यात संगणकावर चालणारं एक यंत्र होतं. क्षेपणास्त्रांच्या कामात त्याचा उपयोग होऊ शकतो, असा भारतीय यंत्रणांचा संशय होता. पाकिस्ताननं ते साधं व्यापारी लेथ मशीन असल्याचं सांगितलं. अशा यंत्रांना दुहेरी उपयोगाच्या वस्तू म्हणतात: कारखान्यातही चालतात, शस्त्रासाठीही.

निर्बंध लावायचे की नाही हा राजकीय निर्णय. ते पाळले जातात की नाही, हे ठरतं यार्डात कंटेनर उघडणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर.

युक्रेनमधला व्हायरस, उरणमधली रांग

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला. अमेरिका आणि ब्रिटननं पुढे त्याची जबाबदारी रशियाच्या लष्करावर टाकली, रशियानं ते नाकारलं. लक्ष्य युक्रेन होता. पण व्हायरसला सीमा कळत नाही. तो मर्स्कच्या नेटवर्कमध्ये घुसला आणि त्याच समूहाचं न्हावा-शेवातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारा संगणकच बंद. जहाजं दुसऱ्या टर्मिनलकडे वळवावी लागली.

मर्स्कनं आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले.

गंमत पुढे आहे. याच हल्ल्यात सापडलेल्या मर्क या अमेरिकन औषध कंपनीनं विमा मागितला, तर विमा कंपन्या म्हणाल्या की हे युद्ध आहे, पॉलिसीत युद्ध बसत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी २०२२ आणि २०२३ मध्ये मर्कच्या बाजूनं निकाल दिला आणि जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. युद्ध कशाला म्हणायचं, हा प्रश्न आता सेनापतीच नाही तर विमा कंपनीचा वकीलही विचारतो.

हे नवीन आहे का? अजिबात नाही

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअर कंपन्यांचं पीक आलं, शेतकऱ्याला सावकार सहज कर्ज देऊ लागला. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि १८६५ मध्ये मुंबईतले कित्येक धनवान रातोरात कंगाल झाले. घाटावरचा शेतकरी कर्जासकट मागे राहिला. त्यात सरकारी शेतसारा वाढला. १२ मे १८७५ ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंद आहे.

त्यानंतर १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ. लोक अन्नावाचून मरत असताना १८७८ मध्ये ब्रिटिश सरकारनं अफगाणिस्तानवर स्वारी केली. हे सगळं बघत होता पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात काम करणारा एक कारकून. गाव शिरढोण, तालुका पनवेल. नाव वासुदेव बळवंत फडके. १८७९ मध्ये त्यांनी बंड पुकारलं, त्याच वर्षी पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

तो तुरुंग कुठे होता? एडनला. आजच्या येमेनमध्ये, लाल समुद्राच्या तोंडाशी. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं ते या सागरी वाटेवर पहारा ठेवायला आणि जहाजांना कोळसा पुरवायला. त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा. पनवेल आणि लाल समुद्र यांचं नातं हे इतकं जुनं आहे.

बंदराची किंमत आधी कुणी मोजली?

सुरक्षा म्हटलं की आपण देशाची सुरक्षा धरतो. पण जमीन गेलेल्या माणसाच्या सुरक्षेचं काय?

नवी मुंबई आणि बंदरासाठी ठाणे-रायगडातल्या गावांची भातशेती, मिठागरं, खाड्या गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणमध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याच्या लोकांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तर तिथली घरं वाळवीनं खाल्ली. त्यांचा पुनर्वसनाचा लढा पुढे दशकानुदशकं चालला.

हा मुद्दा इथं का? कारण राष्ट्रीय हिताची पायाभूत सुविधा उभी राहते तेव्हा फायदा देशभर वाटला जातो आणि किंमत मूठभर गावं मोजतात. किंमत नीट चुकवली नाही तर शांतता टिकत नाही. हे सीमेवर जितकं खरं आहे तितकंच जासईतही.

शांतता झाली की लगेच सगळं स्वस्त होतं का?

नाही. ६ मे २०२५ ला अमेरिका आणि हुथी यांच्यात ओमानच्या मध्यस्थीनं समझोता जाहीर झाला. पण जुलै २०२५ मध्ये 'मॅजिक सीज' आणि 'एटर्निटी सी' ही दोन जहाजं हल्ल्यात बुडाली. विमेवाल्याला घोषणेशी घेणं नसतं. त्याला काही महिने शांत गेलेले दिसावे लागतात. युद्ध एका दिवसात भाव चढवतं, शांततेला तो उतरवायला वेळ लागतो. विश्वासाचा बाजार असाच चालतो.

पुढच्या वेळी युद्धाचा फॉरवर्ड आला तर

'अमुक ठिकाणी युद्ध पेटलं, आता सगळं महागणार' असा मेसेज आला की चार गोष्टी तपासा.

१. रस्ता कुठला? लाल समुद्र बंद झाला तर युरोपचा माल लांबून का होईना, येतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीचं तसं नाही. २०२४ मध्ये रोज साधारण दोन कोटी पिंप तेल तिथून जात होतं, जगाच्या वापराच्या पाचवा हिस्सा. त्याला पुरेसा पर्यायी रस्ता नाही. म्हणून दोन्ही बातम्यांचं वजन सारखं नाही.

२. माल कधीचा? आज दुकानात असलेला माल दोन-तीन महिन्यांपूर्वी जहाजात चढलेला असतो. सकाळी हल्ला आणि संध्याकाळी भाववाढ झाली, तर ती युद्धामुळे नाही, संधी साधल्यामुळे.

३. वाढलेला पैसा कुणाच्या खिशात जातोय? जहाज कंपनी, विमा, दलाल, सरकार की साठेबाज? फक्त 'युद्धामुळे' हे उत्तर अर्धवट आहे.

४. ज्याची बाजू मेसेजमध्ये नाही तो कोण? बहुतेक वेळा तो शेतकरी, ड्रायव्हर किंवा खलाशी असतो.

पळस्पे फाट्यावर पुढच्या वेळी पांढऱ्या कंटेनरच्या मागे अडकलात, तर हॉर्न वाजवण्याआधी एवढं आठवा. त्यात नाशिकच्या कुणाची तरी वर्षभराची कमाई असू शकते. ती किती दिवसांत युरोपला पोचेल हे पनवेलच्या ट्रॅफिकवर कमी आणि एडनच्या आखातातल्या शांततेवर जास्त ठरतं.